हिस्सा नंबर चारची बाग

ईश्वर रेडकरांनी संसारात एकच मोठी थाप मारली होती, आणि तीही त्यांची स्वतःची नव्हती. बिल्डरची होती. गिरगावातली खोली सोडून मीरा रोडला यायला नीलिमाबाई काही केल्या कबूल होईनात, तेव्हा रेडकरांनी बिल्डरचं रंगीत माहितीपत्रक त्यांच्यापुढे धरलं. त्यात 'नवकिरण'च्या समोर हिरवीगार बाग होती, बागेत कारंजं होतं आणि कारंज्यापाशी एक हरीण उभं होतं. "हरीण नसेल कदाचित," रेडकर प्रामाणिकपणे म्हणाले, "पण बाग नक्की आहे."

हरीण नव्हतंच. बागही नव्हती. बेव्हर्ली पार्क संपून पेणकरपाड्याची हद्द लागते तिथे नवकिरण उभी होती, चार मजले आणि अठ्ठावीस बिऱ्हाडं. समोर एक मातीचा रस्ता, आणि रस्त्यापलीकडे गावातल्या अंबिका नावाच्या म्हातारीचे भाजीचे वाफे, एक विहीर आणि एक शेळी.

नीलिमाबाई भांडल्या नाहीत. भांडणाऱ्या बायकोचं एक बरं असतं, भांडण कधीतरी संपतं. त्यांनी फक्त एक शब्द धरून ठेवला. कपडे वाळत घालायला गच्चीवर निघाल्या आणि रेडकरांनी "कुठे?" म्हणून विचारलं की उत्तर यायचं, "बागेत." दळणाचा डबा घेऊन निघाल्या, "बागेत." पाण्याचा टँकर आला आणि दोन्ही हातांत बादल्या घेऊन तीन जिने उतरायला लागल्या, तरी "बागेत." अशी पाच वर्षं झाली. रेडकरांनी शेवटी "कुठे?" विचारणंच सोडून दिलं, पण बायको घराबाहेर पडताना नवऱ्याने तोंड मिटून बसायचं म्हणजे केवढी शिक्षा, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

आणि मग नव्वदीच्या दशकातल्या एका सकाळी पेपरात ती जाहीर नोटीस आली. शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला होता. कुठे रस्ता, कुठे शाळा, कुठे मंडई, कुठे बाग, सगळं नकाशावर आखून ठेवलं होतं. नागरिकांनी येऊन पाहावं आणि साठ दिवसांत आपल्या हरकती व सूचना लेखी द्याव्यात. 'बाग' हा शब्द दिसताच रेडकरांचा चहा बशीतच राहिला.

रेडकर एका विमा कंपनीत क्लेम्स विभागात होते. बावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. लोकांचे अर्ज बारकाईने वाचायचे, अर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहून दिलेली एखादी ओळ शोधायची आणि तिच्यावर बोट ठेवून त्याचा दावा फेटाळायचा. "सही करण्याआधी वाचायला काय होतं लोकांना?" हे त्यांचं आवडतं वाक्य. ते इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याची आठवण काढायची वेळ येणार आहे.

दुसऱ्याच दिवशी कॅज्युअल लीव्ह टाकून रेडकर भाईंदरच्या कचेरीत पोहोचले. नकाशा अख्ख्या भिंतीएवढा होता आणि त्याच्यावर एकाच वेळी दहा-बारा बोटं फिरत होती. कुणी आपलं घर शोधत होता, कुणी मेव्हण्याचं. रेडकरांनीही घाईघाईने बोट ठेवलं आणि खालचे बारीक आकडे वाचायला लागले, तोच पालीहून आलेला एक कोळी मागून म्हणाला, "काका, तुमचा हात समिंदरात हाय."

रेडकर समुद्रातून बाहेर आले, रेल्वेलाइन ओलांडून पूर्वेला सरकले आणि पंधरा मिनिटांनी पेणकरपाड्याशी पोहोचले. सर्व्हे नंबर एकसष्ट त्यांना पाठ होता. सोसायटीच्या लेटरहेडवरच होता तो. एकसष्टच्या पोटात दोन तुकडे शेजारी शेजारी होते, मधून एक रस्ता. हिस्सा नंबर तीन आणि हिस्सा नंबर चार. चारवर हिरव्या तिरक्या रेघा मारल्या होत्या आणि आत लिहिलं होतं, १०७. रेडकरांनी शेजारची यादी पाहिली. आरक्षण क्रमांक एकशे सात: बगीचा.

आता आपली बिल्डिंग तीनवर की चारवर, हा प्रश्न कुणाच्याही मनात आला असता. रेडकरांच्याही आला, नाही असं नाही. पण नकाशावर इमारती काढलेल्याच नव्हत्या, नुसते बांध होते आणि तीनमध्ये एक छोटं वर्तुळ होतं. "ही आपली पाण्याची टाकी," रेडकर स्वतःशी म्हणाले, आणि प्रश्न मिटला. नवकिरणची टाकी चौकोनी आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. आनंदात माणसाला कोपरे दिसत नाहीत.

संध्याकाळी हंसाबेनच्या दुकानात सगळी बिल्डिंग जमली. हंसाबेन तळमजल्यावर झेरॉक्स आणि एसटीडी चालवायच्या, त्यामुळे नवकिरणमधलं कुठलंही गुपित आधी काचेवर पालथं पडायचं आणि मग लोकांपर्यंत जायचं. रेडकरांनी आणलेली नकाशाची नक्कल काउंटरवर पसरली. दुसऱ्या मजल्यावरचे बुद्धभूषण बनसोडे चष्मा पुसून वाकले. बनसोडे मूळचे नांदेडकडचे, टेलिफोन खात्यात नोकरीला आणि युनियनचे चिटणीस. निवेदन लिहावं तर त्यांनीच.

"रेडकरसाहेब, आनंद आहे," बनसोडे म्हणाले, "पण आपण तीनच कशावरून? एकदा सातबारा बघून घेऊ ना."

सूचना रास्त होती. सोसायटीची फाइल आली, सातबाऱ्याचं पान उघडलं आणि सगळे वाकून बघू लागले. सर्व्हे नंबर एकसष्ट स्वच्छ दिसत होतं. त्याच्या पुढे 'हिस्सा नंबर' आणि त्याच्या पुढे वाळलेल्या कुंकवाचा रुपयाएवढा गोळा, त्यात रुतलेला तांदळाचा एक दाणा.

ही करणी पाच वर्षांपूर्वीची. सोसायटी रजिस्टर झाली त्या दिवशी पूजा घातली होती. बायकांनी फाइलच्या कव्हरला हळदकुंकू लावायचं म्हटलं तेव्हा सेक्रेटरी रेडकरच पुढे होऊन म्हणाले होते, "कव्हरला काय लावता, जमीन ही लक्ष्मी. लावायचं तर जमिनीच्या पानाला." आणि मान सेक्रेटरीचा म्हणून ओल्या कुंकवात अंगठा भरभरून बुडवून त्यांनीच तो सातबाऱ्यावर टेकवला होता. नंतर अठ्ठावीस बिऱ्हाडांना झेरॉक्स वाटल्या त्या याच पानाच्या. सगळ्यांच्या कपाटात तोच काळा गोळा होता. आणि घरांचे करारनामे म्हणाल तर ते कर्जापायी कुणाचे बँकेत, कुणाचे ऑफिसात अडकलेले होते.

"खरवडून बघू?" बनसोडेंनी विचारलं.

"अरे, कंकू खरडायचा?" हंसाबेननी छातीला हात लावला. "अपशुकन! रेडकरभाई, ऐसा पाप मेरे दुकान में नहीं होगा."

"खरवडायची गरजच काय?" रेडकर म्हणाले. "साधा हिशोब आहे. मोजणी स्टेशनकडून सुरू होते. आधी आपण लागतो, मग समोरचा प्लॉट. आधी तीन, मग चार. आपण तीन." हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की मोजणी स्टेशनकडूनच का सुरू होईल, हे विचारायचं धाडस कुणालाही झालं नाही.

मग काय विचारता! बाग झाल्यासारखीच माणसं बोलायला लागली. हंसाबेनना झुलायला हिंडोळा पाहिजे होता. बनसोडेंना कोपऱ्यात पोरांसाठी अभ्यासिका हवी होती, "बारा बाय पंधरा बास, पण दिवे चांगले पायजेत." वरच्या मजल्यावरच्या मृणालिनीबाईंचं म्हणणं, बागेत फक्त पारिजातक लावावा, कारण त्यांना गुलाबाने शिंका येतात. कारंजं कुठे असावं यावरून दोन मजल्यांमध्ये तीन दिवस अबोला होता.

चौथ्या दिवशी बनसोडेंनी धोक्याची घंटा वाजवली. "आरक्षण म्हणजे काय दगडावरची रेघ नाही. उद्या कुणीतरी हरकत घेतं, सुनावणी होते आणि रेघ पुसली जाते. आपण गप्प बसलो तर गेलं. पाठिंब्याचे अर्ज गेले पायजेत. एक नाही, अठ्ठावीस."

बनसोडेंनी मसुदा केला आणि काय केला! युनियनची वीस वर्षं त्या एका कागदात उतरली होती. 'सदरहू आरक्षण क्रमांक १०७ कोणत्याही परिस्थितीत रद्द वा बदल करण्यात येऊ नये. सदर जागेवरील कोणताही अडथळा, मग तो तात्पुरत्या वा कायम स्वरूपाचा असो, कच्चा असो वा पक्का, कितीही मजल्यांचा असो, तो विनाविलंब जमीनदोस्त करण्यात यावा. तेथील रहिवाशांची कोणतीही सबब ऐकून घेऊ नये.'

"मजले कशाला?" रेडकरांनी विचारलं. "समोर तर म्हातारीची झोपडीसुद्धा नाही."

"मसुदा भक्कम पायजे," बनसोडे म्हणाले. रेडकरांनाही ते पटलं. क्लेम्स विभागाच्या माणसाला भक्कम मसुद्याचं कौतुक असतंच. हंसाबेननी अठ्ठावीस प्रती काढल्या आणि सगळ्यांनी सह्या केल्या. बाकी कुणी वाचून केल्या नाहीत. मसुदा बनसोडेंचा म्हटल्यावर वाचायचं काय!

फक्त रेडकरांच्या घरातच गाडी अडली. रेडकरांच्या मनात होतं की दोघांनी मिळून सही करावी, तोच एक सोहळा व्हावा. त्यांनी पेनचं टोपण काढून पेन पुढे केलं.

"मी नाही करणार," नीलिमाबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मला नको बाग."

रेडकर खुर्चीवर बसले. "नको? मग पाच वर्षं 'बागेत, बागेत' करत होतीस ती?"

"ती तुम्हाला टोचायला. खरी बाग कुणी मागितली होती?" नीलिमाबाई माठाची जुडी निवडत होत्या, ती त्यांनी वर धरली. "हा बघा. सकाळी सातला समोर कापला, साडेसातला माझ्या घरात. त्या अंबिकामावशीला उठवून तिथे काय लावणार तुम्ही? गिरगावात असला माठ बघितला होतात का कधी?"

"अगं, ते अतिक्रमण असणार. सरकारी आरक्षण आहे."

"तुम्ही विचारलंत तिला?"

रेडकरांनी विचारलं नव्हतं. कंपनीत त्यांना दावेदारांना विचारायची सवय नव्हती, तिथे कागद बोलत. त्यांनी फक्त सांगितलं. रविवारी सकाळी सोसायटीने समोरच्या बांधावर 'नियोजित उद्यान' अशी पाटी रोवली आणि सात रोपं लावली, तेव्हा अंबिका कमरेवर हात ठेवून बघत उभी होती.

"ही काय हाय?" तिने विचारलं.

"आजी, इथे बाग होणार आहे."

"कुनाची?"

"सगळ्यांची."

"आनि माजी भाजी?"

"आता ते सरकारी काम आहे, आजी," रेडकर म्हणाले आणि पाटी सरळ आहे का ते उगाच पुन्हा बघायला लागले. म्हातारी वळून विहिरीकडे गेली. रेडकरांना दिवसभर कसंतरी होत राहिलं. पण उत्साह ही चीज अशी आहे की ती कसंतरी होणं फार वेळ टिकू देत नाही. शेळीने मात्र त्याच संध्याकाळी सातही रोपं खाल्ली आणि पाटीचा कोपराही चाखून पाहिला. बनसोडेंनी तातडीने पुरवणी निवेदन लिहिलं. त्यात 'जनावरांसह' हा शब्द वाढवला.

आणि मग बाक आला. बाग होणार म्हणजे बाक लागणार, आणि पहिला बाक आपला असावा अशी रेडकरांची फार इच्छा होती. त्यांच्या वडिलांना गिरगावात हयातभर बसायला मिळाला तो जिन्याचा कठडा. रेडकरांनी सिमेंटचा चांगला लांबरुंद बाक सांगितला आणि पाठीवर कोरून घेतलं, 'कै. वाल्मिक रामचंद्र रेडकर यांच्या स्मरणार्थ'. बागेची मंजुरी यायच्या आधीच तो टेम्पोतून येऊन पोहोचला. टेम्पोवाल्याने तो जिन्याखाली उतरवला आणि तो जो तिथे बसला तो हलेना. दोन आठवड्यांत नवकिरणमधल्या निम्म्या लोकांच्या नडग्या त्याच्यावर आपटल्या. येता-जाता आवाज यायचा, "आई गं! हा रेडकरांचा बाप!" रेडकरांनी ते सगळं सोसलं. मोठ्या कामात वडिलांचा उद्धार व्हायचाच.

यथावकाश सुनावणीचं पत्र आलं. बिल्डिंगमध्ये लग्नघरासारखी धांदल उडाली. रेडकरांनी सफारी इस्त्रीला दिला. हंसाबेननी दुकानाला पहिल्यांदाच दिवसाढवळ्या कुलूप घातलं. बनसोडेंनी भाषण तीनदा पाठ केलं. निघताना रेडकरांनी पाहिलं तर नीलिमाबाईही चांगली साडी नेसून चपला घालत होत्या.

"तू कुठे?" पुष्कळ दिवसांनी त्यांच्या तोंडून निसटलंच.

"बागेत," नीलिमाबाई म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

कचेरीच्या सभागृहात समितीचे तीन जण बसले होते. मध्ये अध्यक्ष, पांढरे केस आणि गळ्यात अडकवलेला चष्मा. शेजारी मोजणी खात्यातले एक निवृत्त गृहस्थ, त्यांच्यापुढे सातबाऱ्यांचा गठ्ठा. नवकिरणच्या मंडळींनी पुढच्या दोन रांगा पकडल्या. रेडकरांनी मागे वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत नीलिमाबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी, डोईवर पदर घेऊन, अंबिका.

"आरक्षण एकशे सात," अध्यक्षांनी पुकारलं. "बगीचा. एकूण अर्ज एकोणतीस. बाजूने अठ्ठावीस." त्यांनी चष्मा वर केला. "आज तीन दिवस इथे बसलोय मी. जो येतो तो आपली जागा सोडवायला येतो. एखाद्या आरक्षणाला अठ्ठावीस जणांचा पाठिंबा मी पहिल्यांदाच बघतोय. कोण बोलणार?"

बनसोडे बोलले आणि रेडकर बोलले. मुलांची फुप्फुसं, वृद्धांचे गुडघे, शहराचं भवितव्य, काही बाकी ठेवलं नाही. नवकिरणने टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी त्या हाताने थांबवल्या आणि अर्ज वाचायला घेतला. "'कितीही मजल्यांचा असो, विनाविलंब जमीनदोस्त...' हे तुम्हा सगळ्यांना मान्य आहे?"

"एकमताने!" रेडकर म्हणाले.

"विरोधात एक अर्ज आहे. अंबिका म्हात्रे. अंगठा, आणि लिहिणार नीलिमा ईश्वर रेडकर." अख्ख्या दोन रांगा रेडकरांकडे वळल्या. रेडकरांनी सफारीच्या बटणाकडे पाहिलं. "लिहिलंय, 'एकशे सात रद्द करावे, या जागेवर माणसाचं पोट आहे.' बाई, हिस्सा नंबर चारवर तुमचं काय आहे?"

म्हातारी उभी राहिली. "चार?" ती म्हणाली. "चारवर माजा काय बी न्हाय सायेब. माजा तीन. विहीरवाला. चार आमच्या दिराचा व्हता, तो त्यानं बिल्डरला दिला." तिने पुढच्या दोन रांगांकडे बोट केलं. "चारमदे हे लोक र्‍हातात."

मोजणीवाल्या गृहस्थांनी गठ्ठ्यातून एक कागद काढला, मग दुसरा, आणि मान हलवली. "बरोबर आहे, साहेब. तीनमध्ये विहीर, मालक म्हात्रे. चार बिनशेती, बांधकाम परवानगी दिलेली. मूळ मोजणीच्या वेळी तिथे भातखाचरं होती. इमारत मागाहून आली."

"म्हणून तर हरकती मागवतो आपण," अध्यक्ष म्हणाले. "असं काही राहिलं असेल तर लोकांनी येऊन सांगावं. पण हे तर..." त्यांनी अर्ज पुन्हा उचलला आणि या वेळी फार सावकाश वाचला. "'तेथील रहिवाशांची कोणतीही सबब ऐकून घेऊ नये.' रेडकर, ही तुमची सही ना?"

रेडकरांना आपली सही दिसली. ठळक, वळणदार, खाली दोन रेघा. बावीस वर्षं ते ज्या ओळीवर बोट ठेवत आले होते, तीच ही ओळ. तीन जिने, पाण्याची टाकी, नीलिमाने खिडकीत लावलेली तुळस, सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने, चांगल्या पेनाने, पाडायला लिहून दिलं होतं. आणि एकट्याचं नाही, अठ्ठावीस घरांचं.

"साहेब," बनसोडे उठले, "आम्ही पाठिंबा मागे घेतो. एकमताने."

"घ्या. पण मग आरक्षण तसंच राहील. ते हटवायचं तर समितीपुढे हरकत पाहिजे, आणि नव्या हरकतींची मुदत कधीच संपली. आलेली हरकत एकच." अध्यक्ष म्हातारीकडे वळले. "अंबिकाबाई, तुमच्या जागेवर आराखड्यात काही नाही. तुमची भाजी तुम्हाला लखलाभ. आता हा अर्ज चालवायचा की मागे घ्यायचा, हे तुमच्या मनावर आहे."

अंबिकाने पदर सारखा केला. "मंग माजा कामच न्हाय हितं," ती म्हणाली आणि पिशवी उचलली.

"ओ बा," हंसाबेन पुटपुटल्या, "आपला घर गया."

रेडकर उठले. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. भाषण संपलं होतं आणि मसुदा आठवायलाही नको वाटत होता. ते मधल्या वाटेने मागे गेले आणि म्हातारीपुढे उभे राहिले. "आजी," ते म्हणाले, "माझं चुकलं. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. जागा तुमची होती आणि मी तुम्हालाच जनावरांसह हलवायला निघालो होतो." सफारीतला माणूस भर सभागृहात रुमाल शोधू लागला.

म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं, मग नीलिमाबाईंकडे पाहिलं. नीलिमाबाईंनी तिचा हात घट्ट धरला होता.

"हा तुजा मालक काय ग बाय?"

"हो, मावशी."

"बरा हाय. जरा खुळा हाय." ती पुढे वळली आणि मोठ्याने म्हणाली, "सायेब, अर्ज र्‍हाऊ दे माजा. चालवा."

"पण तुमची जागा तर..."

"जागा माजी न्हाय, पन गिऱ्हाईक माजा हाय ना! अठ्ठावीस घरं हायत. त्यांची बिल्डिंग पाडलीव तर माजी भाजी कोन घेनार, झाडं?"

अध्यक्षांनी चष्मा काढला आणि खूप वेळ पुसला. मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि सोबतच्या दोघांना दाखवलं. "एकशे सात चारवरून हलवून गावातल्या तलावाच्या काठी न्यावं, अशी शिफारस समिती करेल," ते म्हणाले. "पुढचं आरक्षण."

बाहेर व्हरांड्यात येताच नवकिरणने जो आरडाओरडा केला त्याने शिपाई धावत आला. हंसाबेन अंबिकाला मिठी मारून गुजरातीत रडल्या. बनसोडेंनी रेडकरांच्या खांद्यावर हात ठेवला. "रेडकरसाहेब, एका अंगठ्याने नंबर घालवला आणि दुसऱ्या अंगठ्याने घर वाचवलं. आणि आपण आपले सह्या करत बसलो." रेडकर हसले, पण फार नाही. घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा फाइल काढली, नख लावून तो तांदळाचा दाणा उचलला आणि कुंकू अलगद पुसलं. खाली ठसठशीत चार होता.

शिफारस मंजूर व्हायला पुढे बरेच महिने गेले, पण झाली. बाग तलावाच्या काठी गेली, नवकिरणपासून रिक्षाने जावं लागेल इतकी लांब. समोरची पाटी रेडकरांनी स्वतः जाऊन उपटली. राहता राहिला बाक. तो परत घ्यायला कुणी तयार होईना आणि जिन्याखाली त्याला ठेवू द्यायलाही कुणी तयार होईना. शेवटी एका रविवारी आठ माणसांनी तो उचलला आणि रेडकर पुढे जाऊन, या वेळी विचारून, अंबिकापाशी उभे राहिले.

"आजी, बांधावर ठेवू का? तुमची हरकत नसेल तर."

"ठेव," म्हातारी म्हणाली. "विहिरीच्या कडेला ठेव. पन पाय पसरायचं न्हाय, फुडं मेथी हाय."

त्या दिवसापासून अंबिका बाकावर बसून भाजी विकू लागली. जुड्या कै. वाल्मिक रेडकरांच्या नावापुढे ओळीने मांडलेल्या असायच्या. हंसाबेनना हिंडोळा मिळाला नाही, पण दुपारी दुकान मिटलं की त्या तिथे येऊन टेकायच्या.

एका संध्याकाळी रेडकर कामावरून घरी आले तर दाराला कुलूप. त्यांनी जिन्याच्या खिडकीतून खाली पाहिलं. रस्त्यापलीकडे बाकावर नीलिमाबाई आणि अंबिका शेजारी शेजारी बसून माठ निवडत होत्या, आणि शेळी बाकाखाली बसून देठांची वाट बघत होती. वाऱ्यावर मेथीचा वास वरपर्यंत येत होता. रेडकर कितीतरी वेळ तसेच बघत उभे राहिले. मग त्यांनी तोंडाला हात लावून हाक मारली.

"अगं, कुठे आहेस?"

नीलिमाबाईंनी मान वर करून पाहिलं आणि हसल्या.

"बागेत!" त्या म्हणाल्या. "तुम्हीही या."